पिठाचे हात

तपसाधना शिबिराच्या रविवारच्या समारोपाच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या सामुदायिक उपासनेत, फादरांनी वेदीवरून एकमेकांना शांतीचे चिन्ह देण्यास सांगितले आणि छोट्याशा चॅपलमधले आम्ही चौतीस जण हात जोडून एकमेकांकडे वळलो. आपल्याकडे हे चिन्ह नमस्काराचे असते. 1969 साली भारतातील कॅथलिक धर्मसभेला उपासनेत ज्या बारा देशी रीती आणण्याची परवानगी मिळाली, त्यांपैकी ही एक आहे, आणि मला ती लहानपणापासून फार आवडते. मी उजवीकडे वळले, डावीकडे वळले, पुढच्या बाकावरच्या वृद्ध जोडप्याला नमस्कार केला आणि मग मागे वळले, तेव्हा चॅपलच्या मागच्या दारात स्वयंपाकाच्या मावशी उभ्या असलेल्या दिसल्या. त्यांचे हात मनगटाच्या वरपर्यंत पिठाने माखलेले होते. जेवणासाठी पुऱ्यांची कणीक भिजवता भिजवता त्या उठून आल्या असाव्यात. ते हात त्यांनी छातीपर्यंत वर आणले होते, तळवे मात्र अजून एकमेकांना टेकले नव्हते, आणि त्यांची नजर माझ्याकडे होती. मी त्यांना पाहिले आणि पुन्हा वेदीकडे वळले. ‘परमेश्वराच्या कोकरा’ ही पुढची प्रार्थना सुरू झाली, म्हणून वळले, असे मी स्वतःला सांगितले. ती अजून सुरू झालेली नव्हती.

एवढेच घडले.

या गोष्टीला आता काही महिने होतील, पण ती मनातून जात नाही. तीन दिवसांच्या साधनेनंतर, आयुष्यातल्या कित्येक वर्षांची मरगळ झटकून उठल्यासारखे वाटत असताना, डोळे पुन्हा पुन्हा भरून येत असताना, माझ्याकडून हे झाले. शिबिरात घडलेल्या चांगल्या गोष्टी मला क्रमाने आठवत नाहीत. ते अर्धवट जोडलेले हात मात्र बोटांच्या पेरांमध्ये सुकत चाललेल्या पिठासकट आठवतात.

मी या शिबिराला गेले ती खरे तर दमून गेले होते. उपवासकाळ सुरू झाला होता, त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन मी तशीच शाळेत गेले होते आणि संध्याकाळपर्यंत ती घामाने पुसूनही गेली होती. घरी सासूबाई आजारी असतात. सकाळी साडेपाचला दोन डबे, साडेसहाला सासूबाईंचे औषध, सातला स्कूटर. रविवारची मिस्सा चुकत नव्हती, रात्रीची जपमाळही चुकत नव्हती, पण जपमाळेचे मणी बोटांतून सरकत असताना माझे लक्ष दुसऱ्या दिवशीच्या भाजीत असे. श्रद्धा गेली असे नाही म्हणता येणार. घराच्या कोपऱ्यातल्या माठातले पाणी तळाशी जावे आणि आपल्याला ते तांब्याच्या आवाजावरूनच कळावे, तसे काहीसे झाले होते. धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चमधल्या, एका मैत्रिणीने नाव घातले, नवऱ्याने रजा घेतली, नणंद दोन दिवस राहायला आली, आणि मी शुक्रवारी संध्याकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर रिक्षातून उतरले.

मार्च लागला होता. नागपूरचे ऊन अजून अंगावर धावून येत नव्हते, पण येणार असल्याची वर्दी देत होते. कडुनिंबाची पिवळी पाने सगळ्या वाटेवर पडलेली होती आणि फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी होती. फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा फोन बंद करून टोपलीत ठेवावे लागले. मग आठ फुटी खोली, एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस. रात्री जेवणघरात गेले, बाकावर बसले, आणि कोणीतरी माझ्यापुढे ताट ठेवले. वरण, भात, गरम पोळी, वांग्याची भाजी, तिच्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला. मला एकदम रडू आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यापुढे, मी काहीही न करता, गरम पोळी येऊन पडली होती, आणि त्या रात्री मला देवाच्या कृपेची जी पहिली जाणीव झाली, ती प्रवचनातून झाली नाही, त्या पोळीतून झाली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ते कळेल. ते ताट कोणी वाढले, हे मात्र मी तेव्हा पाहिले नाही.

तपसाधनेची परंपरा धर्मसभेत जुनी आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी 1522 साली मानरेसा येथे स्वतःच्या तळमळीतून जी आध्यात्मिक साधना घडवली आणि जिला 1548 साली पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली, ती पूर्ण करायला सुमारे तीस दिवस लागतात. तीस दिवस कोणत्या गृहिणीला, कोणत्या कारकुनाला, कोणत्या बसचालकाला मिळणार? इग्नेशियस यांनीही ते ओळखले होते आणि ज्यांना कामधंदा सोडता येत नाही त्यांनी रोजच्या व्यवहारात राहूनच, दिवसाचा थोडा वेळ काढून, ही साधना कशी करावी याची वेगळी सूचना लिहून ठेवली होती. शनिवार-रविवारची शिबिरे हे त्या विचाराचेच पुढचे पाऊल आहे असे मला वाटते. आमच्या शिबिराला फादरांनी स्पेनमधल्या एका चळवळीची काही अंगे जोडली होती. मायोर्का बेटावर एदुआर्दो बोन्निन नावाच्या एका तरुणाने, जो धर्मगुरू नव्हता, 1944 साली कला फिगेरा येथे काही तरुणांना एकत्र करून ख्रिस्ती जीवनाचा छोटा अभ्यासक्रम घेतला. 1949 च्या जानेवारीत सान ओनोरातो मठात झालेल्या शिबिरापासून त्याला आजचे रूप आले आणि तो ‘कुर्सिल्यो’ या नावाने जगभर गेला. तीन दिवस, आणि बहुतेक भाषणे सामान्य संसारी माणसांनी केलेली. मला त्यातल्या दोन कल्पना फार भावल्या. एक अशी, की तीन दिवस संपल्यावर जे उरलेले आयुष्य सुरू होते त्याला ते ‘चौथा दिवस’ म्हणतात. दुसरी ‘पालान्का’. स्पॅनिशमध्ये पालान्का म्हणजे पहार, जड धोंडा हलवण्यासाठी त्याच्याखाली घालतात ती. शिबिरात बसलेल्या माणसासाठी बाहेर कोणीतरी उपास करते, जपमाळ करते, आपले एखादे दुखणे अर्पण करते, त्याला हे नाव आहे. आपण आत बसून हललो असे आपल्याला वाटते, तेव्हा बाहेर कोणीतरी खांद्याने पहार दाबून धरलेली असते.

शनिवारी रात्री आम्हांला घरून आलेली पत्रे वाटली. नवऱ्याने आयुष्यात मला लिहिलेले हे दुसरे पत्र होते. “आईला मी आंघोळ घातली, तू काळजी करू नको, मी तुझ्यासाठी रोज एक वेळ उपास करतो आहे,” एवढेच त्यात होते. मी ते उशीखाली ठेवले आणि झोप आली नाही.

त्याच दिवशी दुपारी मार्था आणि मरिया या बहिणींवर चिंतन झाले होते. प्रभू येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते, मार्था कामाच्या धबडग्यात असते आणि तक्रार करते, आणि प्रभू तिला सांगतो की मरियेने उत्तम वाटा निवडला आहे. मला हा प्रसंग नेहमी टोचत आला आहे, कारण मी जन्मभर मार्थाच राहिले. त्या दुपारी मात्र पहिल्यांदा मी मरियेच्या जागी बसले होते आणि ती जागा मला फार सुखाची वाटत होती. खिडकीतून पळसाच्या झाडाचा केशरी तुकडा दिसत होता, पंखा फिरत होता, मला कुठेही जायचे नव्हते. मग मार्थाच्या जागी तेव्हा कोण होते, हा प्रश्न मला त्या दुपारी सुचला नाही.

पहाटे चारच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. जेवणघराच्या पलीकडे दिवा होता. मावशी जमिनीवर एक पाय दुमडून, एक पाय लांब करून बसल्या होत्या आणि पुढ्यात ही मोठी परात होती. मी दारात थांबून पाहत राहिले. त्या कणकेच्या मधोमध मूठ दाबून खळगा करीत, त्यात तांब्यातून पाणी सोडीत, मग कडेचे पीठ आत ओढून दोन्ही मुठींनी, सगळ्या अंगाचा भार देऊन, दाबत जात. दर थोड्या वेळाने परात स्वतःभोवती पाव फेरा सरकत असे आणि फरशीवर घासल्याचा आवाज येई. शेगडीवर गंजात पाणी तापत होते. त्यांनी वर पाहिले, माझ्या गळ्यातला शिबिराचा बिल्ला पाहिला आणि आवाज हळू करून म्हणाल्या, “तुमाले मौन हाये ना बाई? पाणी प्या अन् जा. मी नाही सांगत कोनाले.”

मी पाणी प्यायले, पेला विसळून पालथा घातला. मौन मोडून मी विचारले, “एकट्याच आहात का?”

“एक पोरगी येते हाताखाली, थे सहाले येईन.” मग कणकेकडे पाहत त्या म्हणाल्या, “माही पोरगी येत व्हती नेहमी. पन तिचा उद्या गणिताचा पेपर हाये. धाव्वीले हाये. घरी अभ्यास करून राह्यली.”

“अरे वा, छान,” मी म्हणाले आणि खोलीकडे निघाले.

दहावीचा पेपर, आदल्या दोन रात्री आई घरी नाही, कारण आम्ही चौतीस जण आपले रोजचे ख्रिस्ती जीवन नव्याने उजळायला आलो आहोत. हे वाक्य मला त्या वेळी असे जुळवता आले नाही. पण ते कुठेतरी रुतले असणार. त्याच सकाळी चॅपलच्या दारात त्या दिसल्या तेव्हा माझी मान आपोआप वळली, त्याचे कारण तेच असावे. त्यांच्याकडे पाहून हात जोडायचे तर मला त्यांचा शनिवार आणि त्यांचा रविवार पाहावा लागला असता. दुसरेही एक कारण असू शकते, आणि ते अधिक वाईट आहे. पिठाच्या हातांची, मागच्या दारात उभी राहणारी बाई माझ्या डोळ्यांनी त्या सभेत मोजलीच नव्हती. ‘मावशी’ म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांना तीन दिवस हाक मारली. किती गोड शब्द आहे हा, आणि त्यामागे नाव किती सहज दडून जाते.

माझी आजी वैजापूरकडची, घोगरगावच्या मिशनातली. ते सगळे मुलूख तेव्हा नागपूरच्याच धर्मप्रांतात, म्हणजे नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत, होते. 1955 साली अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि पुढे 1977 साली त्यातून औरंगाबादचा निघाला; 1955 पर्यंत शेकडो किलोमीटरवरच्या त्या खेड्यांचे बिशपही इथे सदरच्या कॅथेड्रलमध्येच बसत. फ्रान्सहून आलेल्या फादर जाकियेर यांचे नाव आजीच्या घरात देव्हाऱ्यातल्या नावासारखे घेतले जाई. आजीचे सासर-माहेर दोन्ही गावकुसाबाहेरचे. पाणी वरून ओतलेले, भाकर वरून टाकलेली, दारात उभे राहायचे तेही सावली कुठे पडते ते पाहून. तुम्ही ख्रिस्ती का झालात, असे मी एकदा कॉलेजात असताना मोठ्या उत्साहाने तिला विचारले. मला वाटले होते ती पापक्षमेबद्दल, तारणाबद्दल काही बोलेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तिथं सगळ्यायला एका चटईवर बसवलं.”

त्या चटईची मी नात आहे.

ज्या मिशनऱ्यांनी ती चटई अंथरली, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघाचे. फादर पीटर मेर्मिये यांनी 1838 साली सव्हॉय प्रांतात हा संघ स्थापन केला. त्यांचे मूळ काम खेड्यापाड्यांत जाऊन तिथल्या माणसांची थकलेली श्रद्धा प्रवचने आणि प्रायश्चित्त संस्कारातून, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्यातून, पुन्हा जागी करणे हे होते. म्हणजे आम्ही सेमिनरी हिल्सवर जे करीत होतो तेच. आणि ज्यांचे नाव आपल्या कॅथेड्रलला आहे ते स्वतः संत फ्रान्सिस, त्यांनी 1609 साली संसारी माणसांसाठी एक पुस्तक छापले, त्याची सुरुवात एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या मार्गदर्शनातून झाली होती. भक्ती बिशपची वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, संसारी स्त्रीची वेगळी, आणि कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसू लागला तर ती खरी भक्ती होणार नाही, असा त्यांचा रोखठोक विचार. जानेवारीच्या 24 तारखेला त्यांचा सण आम्ही दरवर्षी साजरा करतो. हे सगळे मला पाठ होते. पाठ असलेली गोष्ट मानेपर्यंत का उतरत नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

माझा चौथा दिवस सोमवारी सकाळी साडेपाचला परातीपुढे सुरू झाला. कणकेत पाणी ओतले आणि हात तिथेच थांबला. माझ्या हाताला तेच पीठ लागले होते. अकरा वाजता गणिताचा पेपर सुरू झाला असेल तेव्हा मी शाळेत दुसऱ्याच वर्गावर होते आणि घड्याळाकडे पाहत होते. मनातल्या मनात नमो मरिया म्हणत राहिले. नाव माहीत नसलेल्या मुलीसाठी प्रार्थना करणे कठीण नसते, पण ‘मावशींची मुलगी’ एवढेच म्हणून थांबावे लागले.

पुढच्या आठवड्यात मी त्याच फादरांकडे प्रायश्चित्त संस्काराला गेले. संस्कारात त्यांनी काय सांगितले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. पण बाहेर व्हरांड्यात नंतर उभ्या उभ्या मी हा प्रसंग पुन्हा बोलले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही वळलात. मी वेदीवरून समोरच पाहत होतो. मला तर त्या दिसल्या होत्या, आणि ‘आत या’ असे मीही म्हणालो नाही.” त्यांच्या बोलण्याने मला हलके वाटले नाही, पण एकटे वाटणे थांबले. मिस्सेत शांतीचे चिन्ह ख्रिस्तप्रसादाच्या आधी का येते, हे त्यांनीच आम्हांला शिबिरात शिकवले होते. वेदीपाशी देणगी आणली असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर देणगी तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. मी त्या रविवारी आधी वेदीकडे गेले होते.

फळे-फुले किंवा साडी घेऊन जाऊ नये, हे मला कळत होते. तसे केले असते तर मी पुन्हा वाढणारीच्या जागी उभी राहिले असते. काही आठवड्यांनी, पुनरुत्थानाचा सण होऊन गेल्यावर, तिथे तरुणांचे शिबिर असल्याचे कळले, तेव्हा शनिवारी दुपारी रिकाम्या हातांनी गेले. ऊन आता खरेच अंगावर धावून येत होते. मावशी स्वयंपाकघरामागच्या आंब्याखाली अंथरलेल्या बोरीवर बसून सांभार निवडत होत्या. मी समोर उभी राहिले आणि जे मनात घोळवून आणले होते ते सांगितले. मिस्सा, मागचे दार, त्यांचे हात, माझे वळणे. बोलता बोलता माझा आवाज गेला.

त्यांनी जुडीतली पिवळी पाने खुडून बाजूला टाकली. “मले तर आठवतही नाही बाई,” त्या म्हणाल्या. “कोनी ना कोनी रोजच येते अन् जाते. तुमी थ्याच ना, पहाटे पेला धुऊन ठेवला व्हता?”

मी मान हलवली. मुलीचा पेपर कसा गेला, असे विचारले.

“बीजगणित बरं गेलं म्हन्ते. भूमितीचं काही सांगता येत नाही.” मग त्यांनी मुलीचे नाव सांगितले, आणि मी विचारल्यावर आपलेही. ती दोन्ही नावे मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून मी त्यांना विचारलेले नाही. पण ती आता माझ्या जपमाळेत आहेत.

मी अजून उभीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, सांभाराची एक ओली जुडी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “काहून उभ्या हाये? बसा ना.” आणि त्या जराशा सरकल्या. बोरीवर एका माणसापुरती जागा झाली.